भाजीतले 'जीन्स' अंगावरच्या दुधात उतरतात म्हणे, खरंच?

नवीनच_आई

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मुलगी अडीच महिन्यांची आहे आणि फक्त अंगावरचं दूध पिते. सध्या माहेरी नाशिकला आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावससासूबाईंनी एक फॉरवर्ड टाकला, की आई जी भाजी खाते तिचे जीन्स दुधात उतरतात आणि बाळाच्या शरीरात जाऊन बाळाचे जीन्स चालू-बंद करतात, पोलंडच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय वगैरे. झालं, तेव्हापासून घरात दोन पार्ट्या. आई म्हणते म्हणूनच मी सांगत होते वांगं, फ्लॉवर, हरभऱ्याची डाळ बंद, बाळाला बाधतं. सासूबाई फोनवरून सांगतात की अळीव, मेथी, डिंक दोन्ही वेळेला खा, सगळा गुण बाळाला लागेल. आणि नवरा (आयटीवाला, त्यामुळे सगळ्यातलं कळतं) म्हणतोय घरातलं सोयाबीन तेल बदलूया, ते जीएम (जीन्समध्ये बदल केलेल्या) बियांचं असतं, उगाच बाळाच्या अंगात नको ते जीन जायला.

मी बीकॉम, मला यातलं शष्प कळत नाही. गुगल केलं तर एक साईट म्हणते सिद्ध झालंय, दुसरी म्हणते थोतांड आहे. खरंच दुधात झाडांचं असं काही सापडलंय का? आणि सापडलं असेल तर मी खाण्यात काय बदलायचं? रात्री तीनला दूध पाजताना हेच डोक्यात फिरत असतं हो.

खमंग_फोडणी

अगं खा सगळं! माझ्या वेळेला मला सव्वा महिना नुसती भाकरी, तूप, शेपू आणि लसणाची चटणी, तीसुद्धा बिनतिखटाची. वजन उतरलं, चिडचिड वाढली आणि पोरगा रडायचा तो रडायचाच, संध्याकाळी सहा वाजले की भोंगा सुरू. दुसरीच्या वेळेला सरळ मिसळ खाल्ली, ती मात्र शांत झोपायची. यातून सायन्स काही सिद्ध होत नाही हे मलाही माहितीय पण जेवणावर राग काढू नकोस एवढंच.

जीन्सचं मला माहीत नाही, ते @लॅबउंदीर सांगेल, तो कुठे असतो हल्ली?

लॅबउंदीर

हा आलो. ताई, आधी अभिनंदन, आणि फॉरवर्ड पूर्ण खोटा नाहीये. म्हणूनच तर तो डेंजर आहे, पूर्ण खोटा असता तर एका ओळीत उडवला असता. मी आरएनएवरच (पेशीत जीन्सवरून निघणाऱ्या कॉपीवर) काम करतो (बाळांवर नाही, झाडांवर) त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, ते जीन्स नाहीत. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला मायक्रोआरएनए म्हणतात. आरएनएचा एकदम चिटुकला तुकडा, २१-२२ अक्षरांचा. जीनमध्ये हजारो अक्षरं असतात. हा तुकडा स्वतः काही बनवत नाही, पेशीत एखाद्या जीनची जी आरएनए कॉपी प्रोटीन बनवायला निघालेली असते तिला जाऊन चिकटतो आणि ते काम थांबवतो किंवा मंदावतो. १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत पहिला सापडला, झाडांमध्ये असतात हे २००२ च्या सुमारास कळलं, आणि त्या कृमीवाल्या दोघांना, ॲम्ब्रोस आणि रुव्हकन, २०२४ चं नोबेल मिळालं. म्हणजे गोष्ट अस्सल आहे. तुमच्या आमच्यात, मेथीत, तांदळात सगळीकडे मायक्रोआरएनए आहेत. आईच्या दुधात तर तिचे स्वतःचे शेकडो प्रकारचे असतात, त्यातला मिर-१४८ए नावाचा भरपूर असतो. आता हे सगळे आईचे, भाजीचे नव्हेत, इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही.

भांडण सुरू झालं चीनमधून. नानजिंग विद्यापीठातल्या एका ग्रुपने २०११ मध्ये ऑनलाइन आणि २०१२ मध्ये छापील असा पेपर काढला की चिनी लोकांच्या रक्तात तांदळाचा मायक्रोआरएनए सापडतो, मिर-१६८ए, आणि तो लिव्हरमधलं एक प्रोटीन कमी करतो जे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलायला मदत करतं. विचार करा, भात खाल्ला आणि भाताने तुमच्या लिव्हरच्या जीनला हात घातला! जगभर खळबळ. आम्ही भात खाणारी माणसं, आमच्या लॅबमध्ये तर आठवडाभर डबा उघडला की हाच विषय.

मग लोकांनी करून बघितलं आणि बऱ्याच जणांना जमलं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका टीमने उंदरांना भात खायला घालून बघितलं, तांदळाचा मायक्रोआरएनए रक्तात जेमतेम काही नाही आणि कोलेस्टेरॉल वाढलं ते नुसता भात खाऊन आहार बिघडल्यामुळे असं त्यांचं म्हणणं. (त्या टीममध्ये जीएम बियाणं विकणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीची माणसं होती, त्यामुळे ज्यांना संशय घ्यायचा त्यांनी घेतला, माझ्या मते डेटा ठीक होता.) त्याच वर्षी अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी माकडांना झाडांच्या मायक्रोआरएनएने भरलेलं पेय पाजून आधी-नंतरचं रक्त तपासलं. मशीनवर सिग्नल यायचा पण तो कधी यायचा कधी नाही, आणि त्यांचा निष्कर्ष असा की बहुतेक मशीनच भलतंच काहीतरी वाढवून दाखवतंय.

आता तुमचं पोलंड. वॉर्सातल्या पोलिश अकादमीच्या बायोकेमिस्ट्री-बायोफिजिक्सच्या इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये आधी नुसतं कॉम्प्युटरवर शोधलं, दुधातल्या आरएनएचा जो डेटा जगात आधीच पडलेला होता त्यात झाडांचे तुकडे दिसतात का. दिसले. मग २०१८ च्या पेपरमध्ये प्रत्यक्ष निरोगी बायकांचं दूध घेऊन झाडांचे पाच मायक्रोआरएनए पीसीआरने (थोडेसे रेणू कोटी पट वाढवून मोजायची पद्धत) मोजले: मिर-१५६ए, १५७ए, १६६ए, १६८ए आणि १७२ए. पाचही सापडले. पण दुधात एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म चरबीच्या पिशव्या असतात, ज्यांच्यात बसून हे तुकडे पोटातल्या पाचकरसांपासून वाचतात असं मानलं जातं, त्या पिशव्यांमध्ये पाचातले दोनच मिळाले. आणि प्रमाण किती, तर ४ ते ७०० फेम्टोमोलर (अतिसूक्ष्म प्रमाण मोजायचं एकक).

आणि 'बाळाचे जीन्स चालू-बंद करतात' हे वाक्य? त्या पेपरात प्रमाण मोजलं प्रयोगाने, पण बाळावर परिणाम होऊ शकतो हे फक्त कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवून काढलंय. म्हणजे या २१ अक्षरांना माणसाच्या कुठल्या जीनचा तुकडा जुळतो एवढंच. तसं शोधलं तर काही ना काही जुळतंच. एकाही बाळाचं एकही जीन त्यांनी चालू किंवा बंद होताना पाहिलेलं नाही आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही, ते 'कदाचित' असं लिहितात. तो 'कदाचित' फॉरवर्ड करताना पहिल्याच ग्रुपवर गळून पडतो.

आणखी एक गंमत. हे १५६, १६६ वगैरे जे आहेत ते जवळजवळ सगळ्या झाडांमध्ये अक्षरशः सारखे असतात. त्यामुळे दुधात १६६ए सापडला तरी तो मेथीचा, वांग्याचा, पोळीतल्या गव्हाचा की चहातल्या गवती चहाचा हे सांगताच येत नाही. तुमच्या आईच्या आणि सासूबाईंच्या दोन्ही पार्ट्यांना हा पेपर काहीच उपयोगाचा नाही.

थांबतो, सुपरवायझर मागे उभा आहे.

चिंचवडकर_काका

लॅबउंदीर, माहिती चांगली दिलीत पण मला वाटतं तुम्ही एक बाजू जरा घाईत गुंडाळली. त्याच नानजिंगच्या लोकांनी पुढे काढ्यावर काम केलंय. चीनमध्ये हनीसकल नावाच्या वेलीच्या फुलांचा काढा सर्दी-तापाला देतात, त्यातला एक मायक्रोआरएनए उकळल्यावरही टिकतो आणि उंदरांमध्ये इन्फ्लुएन्झाच्या व्हायरसला आवरतो असं त्यांनी २०१५ मध्ये छापलंय. मी रिटायर्ड फार्मसी लेक्चरर आहे त्यामुळे उगाच व्हॉट्सॲपवरचं सांगत नाही. आपल्याकडे बाळंतकाढा, बाळंतशेपा, ओवा हे पिढ्यानपिढ्या देतात ते काय उगाच? आईला दिलेलं औषध बाळाला पोचतं हे आपल्या लोकांना ठाऊक होतंच की. आज त्याला तुम्ही आरएनए म्हणा नाहीतर आणखी काही.

लॅबउंदीर

काका, तो पेपर मला माहीत आहे आणि तुम्ही बरोबर सांगितलंत, मिर-२९११ त्याचं नाव. उकळून टिकतो कारण त्याच्यात जी आणि सी ही अक्षरं जास्त आहेत. आणि मी उलट बाजू लपवत नाही, आणखी एक सांगतो: २०२१ मध्ये त्याच ग्रुपने दाखवलं की उंदराच्या जठराच्या अस्तरात एसआयडीटी१ नावाचं एक प्रोटीन आहे ते आहारातला मायक्रोआरएनए आत ओढून घेतं, आणि त्याला आम्ल वातावरण लागतं. हा त्यांच्या बाजूचा सगळ्यात दमदार पुरावा. फक्त मला बोचतं ते हे की दमदार निकाल बहुतेक एकाच घराण्यातून येतात. बाहेरच्यांनी केलं की पातळ होतात.

आणि काका, एका काढ्यातल्या एका रेणूवरून बाळंतकाढ्यावर उडी मारू नका ना. बाळंतशेपाचा वास आणि तेलं दुधात जातात याला मायक्रोआरएनए लागतच नाही, ते साधे छोटे रेणू आहेत, रक्तातून आरामात जातात. काढा खरा असेल तर त्याला नोबेलचा टेकू कशाला हवा?

आता प्रमाणाचा हिशोब करतो, कारण सगळी गोम तिथे आहे. पोलंडच्या पेपरातला सगळ्यात मोठा आकडा धरू, ७०० फेम्टोमोलर. वजनात तो एका लिटरला साधारण ५ नॅनोग्रॅम होतो, म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा आणि त्यातले पाच घ्या. रेणू मोजले तर लिटरला सुमारे ४२ हजार कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं. पण मोठ्या माणसात पेशी असतात ३० लाख कोटींच्या आसपास, पाच किलोच्या बाळात त्याच हिशोबाने दोनेक लाख कोटी धरा. म्हणजे बाळ पूर्ण लिटर प्यायलं (पीत नाही, पाऊण लिटर पितं), एकही रेणू पोटात पचला नाही, सगळेच्या सगळे रक्तात गेले आणि समान वाटले गेले असं अगदी उदार होऊन मानलं तरी पाच पेशींमागे एक रेणू येतो. आणि मायक्रोआरएनएचा परिणाम दिसायला आमच्या धंद्यात सर्वसाधारण समज असा की एका पेशीत निदान शंभरेक प्रती लागतात. ही म्हणजे पिंपभर पाण्यात चिमूटभर हिंग टाकून आमटी झाली म्हणण्यासारखी गोष्ट झाली. 'वाटले न जाता एकाच जागी, उदाहरणार्थ आतड्याच्या अस्तरात, जमले तर?' असं कुणी विचारेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर प्रयोगानेच द्यायला हवं, आकडेमोडीने नाही.

तसा एक सुंदर प्रयोग झालाय, झाडांवर नाही पण आईच्या मायक्रोआरएनएवर. २०१५ चा. ज्या उंदरांच्या पिल्लांमध्ये काही ठराविक मायक्रोआरएनएचे जीनच काढून टाकले होते ती पिल्लं जन्मल्यावर नॉर्मल उंदरिणीच्या अंगावर प्यायला सोडली. तिच्या दुधात ते मायक्रोआरएनए खच्चून भरलेले. पिल्लांच्या स्वतःच्या शरीरात शून्य, त्यामुळे जे सापडेल ते दुधातूनच आलेलं असणार. रक्तात, लिव्हरमध्ये, प्लीहेत बघितलं. काही नाही. पचून गेलं सगळं. आता जिथे आईचा स्वतःचा, दुधात रग्गड असलेला माल पोचत नाही तिथे वांग्याचा फेम्टोमोलर कुठून पोचायचा.

सावली_७७

हे पाच पेशींमागे एक वालं स्क्रीनशॉट काढून सासरच्या ग्रुपवर टाकू का? 🙏 परवानगी असेल तर

लॅबउंदीर

टाका पण 'मोठ्यात मोठा आकडा धरून' हे कापू नका, नाहीतर माझाही फॉरवर्ड होईल.

बालरोग_डॉक्टर_शेवगा

मी पेडिएट्रिशियन आहे, ओपीडीत हे प्रश्न रोज येतात, आरएनए नाव कुणी घेत नाही पण 'डॉक्टर मी काल राजमा खाल्ला म्हणून रडतोय का' हे दिवसाला एकदा तरी ठरलेलं. त्यामुळे लॅबउंदीर यांनी जे सांगितलं त्याला मी दुधातून खरोखर काय जातं ते जोडते.

गॅस जात नाही. राजमा-वाटाण्याचा गॅस तुमच्या मोठ्या आतड्यात तिथल्या बॅक्टेरियांनी न पचलेल्या तंतूंवर काम केल्यामुळे होतो, ना तो गॅस दुधात उतरतो ना ते तंतू. अडीच महिन्यांच्या बाळाचं संध्याकाळचं रडणं या वयात बहुतेक बाळांना असतं, तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप कमी होतं, आणि तोवर आईने जे जे सोडलेलं असतं त्या सगळ्याला श्रेय मिळून जातं. तुमच्या आईंनाही तसंच मिळालं असेल.

वास आणि चव मात्र नक्की जाते. फिलाडेल्फियात १९९१ मध्ये आयांना लसणाच्या कॅप्सूल देऊन बघितलं, साधारण दोन तासांनी दुधाला लसणाचा वास सगळ्यात जास्त यायचा आणि बाळं तोंड फिरवायची तर सोडाच, जास्त वेळ अंगावर राहायची. पुढे तिथल्याच लोकांनी २००१ मध्ये दाखवलं की गरोदरपणात किंवा दूध पाजत असताना आईने गाजराचा रस घेतला असेल तर त्या बाळांना नंतर गाजराच्या चवीची पेज जास्त आवडते. त्यामुळे आईने विविध भाज्या खाण्याचा फायदा असलाच तर तो इथे आहे, पुढे वरण-भातात शेपू दिसला तर पोरगं नाक मुरडत नाही.

मेथीबद्दल एक छोटीशी गोष्ट. प्रसूतीच्या आधी आईने भरपूर मेथी खाल्ली असेल तर नवजात बाळाच्या लघवीला पाकासारखा गोड वास येऊ शकतो, आणि नेमका तसाच वास एका गंभीर आनुवंशिक आजारात येतो. अशी उदाहरणं मेडिकल जर्नलमध्ये आहेत, डॉक्टरांची धावपळ झाली, निघाली मेथी. तेव्हा मेथीचे लाडू खा, फक्त बाळाच्या लघवीचा वास विचारला तर लाडवांचं सांगायला विसरू नका.

काही प्रोटीन्स अगदी थोडी जातात, शेंगदाण्याचं किंवा गाईच्या दुधाचं. थोड्या बाळांना गाईच्या दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी असते, शीमध्ये रक्ताचे धागे, अंगावर चट्टे, वजन न वाढणं असं काही दिसलं तर दाखवा. तेव्हा आपण आईचं दूध-दही काही आठवडे थांबवून बघतो. पण हे डॉक्टरने सांगितल्यावर, आधीच घाबरून नाही.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. तुम्ही शाकाहारी आहात का? अंडं खाता का? कारण आईच्या शरीरात बी-१२ कमी असेल तर दुधात कमी उतरतं, आणि ते बाळाला भोवतं. कॅल्शियमचं तसं नाही, ते आई स्वतःच्या हाडांतून काढून देते, लोह सुद्धा आईच्या खाण्यावर फारसं हलत नाही. पण बी-१२, आयोडीन, काही चांगली फॅट्स ही आईच्या ताटावर अवलंबून. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. याज्ञिक यांच्या टीमने आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचं बी-१२ तपासलं तर निम्म्याहून जास्त बायकांमध्ये कमी निघालं. आमच्याकडे वर्षातून काही बाळं येतात, आठ-दहा महिन्यांची, गुबगुबीत दिसतात पण फिकट, केस भुरे आणि विरळ, आधी हसायची ती हसेनाशी झालेली, बसायला लागलेलं बाळ परत मान टाकतं, आणि मग हातपाय थरथरायला लागतात. आई जवळजवळ नेहमी शुद्ध शाकाहारी, दूधही फार न घेणारी, आणि बाळ फक्त अंगावर. बी-१२ दिलं की काही दिवसांत बाळ डोळ्यात डोळे घालून बघायला लागतं. अळिवात आणि डिंकात बी-१२ नसतं हो, कितीही गुणकारी म्हटलं तरी. घरात जी एनर्जी आरएनएवर खर्च होतेय तिच्यातली थोडी एका रक्ततपासणीवर खर्च करा.

आणि बाळाला मधाचं बोट, गुटी, पाणी काही नको, सहा महिने फक्त दूध. हे विचारलं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रानफूल

डॉक्टर, जरा वेगळा प्रश्न. माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यातच झाली, पहिले काही दिवस मला दूधच नव्हतं तर तिला मिल्क बँकेतलं दिलं. आता हे वाचून वाटतंय की दुसऱ्या बाईच्या दुधातून तिचे जीन्स, तिने खाल्लेल्या झाडांचे जीन्स, असं काही माझ्या मुलीत गेलं असेल का? मूर्ख प्रश्न वाटला तर सोडून द्या.

बालरोग_डॉक्टर_शेवगा

मूर्ख अजिबात नाही, हाच प्रश्न आज्या वेगळ्या शब्दांत विचारतात, 'कुणाचं दूध आहे' असं. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये सुरू झाली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी केली, तेव्हापासून किती तरी कमी दिवसांची, दीड-दोन किलोची बाळं त्या दुधावर सावरली. ते दूध ६२.५ अंशावर ३० मिनिटं ठेवून पाश्चराइज केलेलं असतं. त्या तापमानाने जंतू मरतात, काही संरक्षक प्रोटीन्स कमी होतात, मायक्रोआरएनएही बऱ्यापैकी घटतात. तरी लवकर जन्मलेल्या बाळाच्या आतड्यांसाठी ते पावडरच्या दुधापेक्षा चांगलं, आतडं सडण्याचा जो भयंकर आजार असतो त्याचा धोका त्याने कमी होतो. तुमच्या मुलीचे जीन्स तुमचे आणि तिच्या बाबांचे, त्यात दूध देणाऱ्या बाईचं काही नाही. तिचे आभार मात्र माना, मी त्या बायकांना बघितलंय, पंप घेऊन तासभर बसतात.

नवीनच_आई

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे खूप आभार. बी-१२ चं खरंच डोक्यात नव्हतं, आम्ही शाकाहारी आहोत, अंडं पण नाही, उद्याच तपासणी करते. आईला गॅसचं वाचून दाखवलं, ती म्हणाली 'डॉक्टरांना काय कळतं' पण संध्याकाळी फ्लॉवरची भाजी केली, त्यामुळे माझ्या मते ती जिंकल्यासारखी हरलीये.

नवऱ्याचा प्रश्न राहिला, जीएम सोयाबीन तेलाचा. आणि लॅबउंदीर, तुम्ही म्हणालात की बाहेरच्यांनी केलं की पातळ होतं, पण मग पोलंडवाल्यांना दुधात जे सापडलं ते आलं कुठून? सापडलं तर आहेच ना?

लॅबउंदीर

तेलाचं आधी उरकतो. रिफाइंड तेल म्हणजे चरबी, त्यात डीएनए जवळजवळ उरतच नाही, आरएनए तर त्याहून नाजूक. आणि जीएम असो की गावरान, डीएनए हा डीएनएच, वांग्यातून जेवढा पोटात जातो तेवढाच आणि तसाच पचतो. गाईंच्या दुधात चाऱ्यातल्या क्लोरोप्लास्टच्या (पानाला हिरवा रंग देणारा पेशीतला भाग) डीएनएचे बारीक तुकडे कधीकधी सापडलेत, कारण हिरव्या पानाच्या एका पेशीत क्लोरोप्लास्टच्या डीएनएच्या हजारो प्रती असतात. गाय आयुष्यभर गवत खाते, तरी दुधातून कुणी हिरवं झालेलं ऐकिवात नाही. तेल बदलायचं तर भाव बघून किंवा चव बघून बदला, आमच्या घरी शेंगदाण्याचंच लागतं.

दुसरा प्रश्न मात्र खरा प्रश्न आहे आणि त्यावर मी तासभर बोलू शकतो. पीसीआर ही इतकी संवेदनशील पद्धत आहे की नळीत चारदोन रेणू असले तरी ते कोटी कोटी पट वाढवून दाखवते. आता झाडांचे मायक्रोआरएनए कुठे कुठे असतात? टेबलावरच्या धुळीत, परागकणांत, हातमोज्यांवर, टिश्यू पेपरात, शेजारच्या बाकावर कुणी तांदळावर काम करत असेल तर हवेत. आमच्या लॅबमध्ये नुसत्या पाण्याच्या नळीत, ज्यात काहीच टाकलेलं नाही, मिर-१६६ उगवला होता, दोन दिवस कुणाला समजेना. शेवटी पिपेट बदलल्यावर गेला. म्हणून दुधासारख्या नमुन्यात फेम्टोमोलरमध्ये काही सापडलं की पहिली शंका आतून आलं की बाहेरून पडलं ही.

यावर २०१७ मध्ये एक मस्त तपासणी झाली. ८०० हून जास्त मानवी नमुन्यांचा सिक्वेन्सिंग (आरएनएची अक्षरं ओळीने वाचलेला) डेटा घेतला, टिश्यू आणि रक्त-लाळ असे द्रव, आणि त्यात माणसाचे नसलेले मायक्रोआरएनए शोधले. सापडले, द्रवांच्या ६९% नमुन्यांत, पण माणसाच्या स्वतःच्या मायक्रोआरएनएच्या तुलनेत ०.००१% वगैरे. जेवण जिथे पहिल्यांदा पोचतं त्या लिव्हरमध्ये जास्त असायला हवे होते, तसं नव्हतं. मेंदूत कमी असायला हवे होते, तेही नव्हतं. आणि द्रवांमधल्या परक्या तुकड्यांपैकी ८१% कुणाचे निघाले माहितीय? उंदरांच्या जातीचे. आता माणूस भात खातो, वांगं खातो, पण उंदीर कोण खातं! उंदीर असतात ते लॅबमध्ये. (माझ्या आयडीबद्दल कुणी काही बोलू नये.) शिवाय एकाच अभ्यासातले नमुने एकमेकांसारखे दिसत होते. त्याच लोकांनी मग उंदरांना झाडांचा आहार आणि डुकरांच्या पिल्लांना गाईचं दूध देऊन रक्त तपासलं, काही गेलेलं नव्हतं. त्यांचं मत, बहुतेक सगळं बाहेरून पडलेलं.

पोलंडच्या दुधाच्या नमुन्यांत तसंच झालं असं मी म्हणणार नाही, ते मला इथे बसून ठरवता येणार नाही. पण मला पटायला काय लागेल ते सांगू शकतो. झाडाच्या मायक्रोआरएनएच्या शेपटाला मिथाइल नावाचा एक छोटा रासायनिक गट बसवलेला असतो, आपल्याकडे तो नसतो. सोडियम पर्आयोडेट नावाचं केमिकल टाकलं की मिथाइल नसलेले निकामी होतात आणि झाडाचे शाबूत राहतात, म्हणजे मशीन माणसाचाच एखादा मिळताजुळता तुकडा झाडाचा म्हणून मोजत असेल तर तो गळून पडतो. पण पराग आणि धूळ झाडाचीच, तिथे हे केमिकल काही करू शकत नाही. त्यामुळे खरा प्रयोग असा: पन्नासेक आया घ्या, निम्म्यांना दोन आठवडे असं एखादं झाड खायला द्या ज्याचा मायक्रोआरएनए इतर झाडांत नसतो, निम्म्यांना ते पूर्ण बंद, दूध काढायच्या बाटल्या कुणाच्या कुठल्या हे तपासणाऱ्याला माहीत नसावं, प्रत्येक दहा नमुन्यांमागे नुसत्या पाण्याची एक बाटली त्याच टेबलावर, त्याच पंपातून काढलेली. आणि मग बंद केलेल्यांमध्ये खाली गेला, खाणाऱ्यांमध्ये वर आला, पाण्यात शून्य. हे झालं की मी माझं तोंड बंद करून मायक्रोआरएनएवाल्यांच्या पंगतीत बसेन.

चिंचवडकर_काका

झाड कुठलं घ्याल पण? आपल्या बायकांच्या ताटातलं घ्यायचं तर अळीव बरं, वर्षभर कुणी खात नाही, बाळंतपणातच खातात. बंद करणं सोपं.

लॅबउंदीर

काका, हे भारी आहे. फक्त आधी अळिवाचे मायक्रोआरएनए नीट सिक्वेन्स करून त्याचा स्वतःचा असा एखादा आहे का ते बघावं लागेल. ते मोहरीच्या कुळातलं आहे, फोडणीतल्या मोहरीशी जुळलं तर सगळा प्रयोग पाण्यात. पण पन्नास आयांची फोडणी दोन आठवडे कोण बंद करणार?

खमंग_फोडणी

माझ्याकडे बघू नका.